हजररावांची गैरहजेरी

हजरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कागदपत्रांत असेल, तिथे ते सुखात राहो. गल्लीत त्यांना हजरराव म्हणतात, कारण कुणीही, कुठूनही, कशासाठीही हाक मारली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'हजर'. दूधवाल्याने घंटी वाजवली तरी हजर, शेजारच्या बाळाने भोकाड पसरलं तरी हजर. माणसाची उमेदीची सगळी वर्षं तोफखान्यात गेली. तिथे जिभेला जे वळण लागलं ते पेन्शन सुरू झाली म्हणून सुटतं थोडंच.

तोफखान्याने त्यांना आणखी एक गोष्ट दिली होती, पण ती त्यांनी कुणाला दाखवली नव्हती. डावा कान. कान होता जागच्या जागी, चांगला ऐसपैस, पण त्यात आवाज शिरायचा बंद झाला होता. आत एक शिट्टी तेवढी सतत वाजायची, जणू कुणी कुकर ठेवून विसरून गावाला गेलंय. हजररावांनी यावर आपला उपाय शोधला होता. समोरचा बोलायचा थांबला की 'हो' म्हणायचं. आणि खरं सांगायचं तर या एका शब्दावर संसार बरा चालतो. कित्येक बायकांना याहून जास्त काही नकोच असतं.

त्यांच्या बायकोला कानाचं ठाऊक होतं बरं का. न कळायला ती काय परक्या घरात राहत होती? पण नवरा सांगत नाही म्हटल्यावर तीही काही बोलली नाही, फक्त आवाज वाढवत गेली. तो शेवटी इतका वाढला की त्यांच्या घरातली गुपितं आधी समोरच्या शिंप्याला कळायची आणि मग हजररावांना. नणंदेने लग्नात काय नेसलं होतं, मेहुण्याने उसनी नेलेली शिडी परत का दिली नाही, सगळं शिंप्याच्या दुकानात तोंडपाठ. नवरा-बायकोने हळू आवाजात काही बोलावं, हसावं, ही चैन त्या घरातून कधीच निघून गेली होती.

तर आता मुद्द्यावर येऊ. सैन्यातून बाहेर पडताना हजररावांना शिक्षणाची एक सवलत मिळाली होती. कुठलाही एक अभ्यासक्रम निवडा, फी सरकार भरेल, वर पुस्तकं, हत्यारं आणि शिकताय तोवर थोडा हातखर्च. मुख्य अट ही की हे आयुष्यात एकदाच. दुसरा कुणी असता तर आठवड्यात उड्या मारत गेला असता. हजररावांनी सवलत जपून ठेवली. त्यांना सवयच तशी. सैन्यात दोन घोंगड्या मिळतात. एक अंगावर घ्यायची आणि दुसरी घडी न मोडता ठेवायची, तपासणीच्या दिवशी साहेबांना दाखवायला. सवलतही त्यांनी तशीच ठेवली, कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन डांबरगोळ्या. आणि स्वतः एका गोदामाच्या फाटकावर पहारा करत बसले. वर्षं गेली. मग माजी सैनिकांच्या कार्यालयातून निरोप आला की तुमची मुदत भरत आली, या सत्रात नाव घातलंत तर घातलंत, नाहीतर सवलत बुडाली.

हजरराव चक्रावले. इतकी नीट ठेवलेली वस्तू, एक सुरकुती पडलेली नाही, ती संपते कशी हेच त्यांना कळेना.

बातमी अर्थातच बायकोच्या तोंडून गल्लीभर झाली आणि जो तो सल्ला द्यायला आला. औषधवाला म्हणाला, संगणक शिका. शिंपी म्हणाला, वकिली शिका, मला एका गिऱ्हाईकाला नोटीस पाठवायचीय. बायको म्हणाली, काहीही शिका पण सावलीत बसायचं काम असू दे. सगळ्यांच्या बोलण्याचा शेवट मात्र एकच, पुरेपूर फायदा घ्या. हजररावांनी सगळ्यांना हो म्हटलं. पुरेपूर म्हणजे किती आणि फायदा म्हणजे कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं. विचारायची सवय नव्हती. आजवर कधी उठायचं, कधी जेवायचं, कुठल्या डोंगरावर जायचं, हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं. आपल्याला काय हवंय, असा प्रश्न आला की त्यांना परीक्षेत भलत्याच विषयाचा पेपर हातात पडल्यासारखं व्हायचं.

शेवटी बाजी मारली मेहुण्याने. बायकोचा धाकटा भाऊ. फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान, बोलण्यात वस्ताद, एकदा सुरू झाला की मध्ये श्वासही उधारीवर घेणारा. तो एका दुपारी येऊन नेमका डाव्या बाजूच्या खुर्चीत बसला आणि बराच वेळ बोलला. हजररावांना फक्त त्याचे हात दिसत होते, काहीतरी मोठं, चौकोनी, थंड. तो थांबला तेव्हा ते हो म्हणाले. त्याने आनंदाने त्यांची पाठ थोपटली. नंतर बायकोने ओरडून सांगितलं तेव्हा कळलं की आपण एसी दुरुस्तीच्या वर्गात नाव घालणार आहोत. आपण त्याच्या दुकानात भागीदारही होणार आहोत हे मात्र तिला वाटलं त्यांनी ऐकलंच असेल, म्हणून ती ओरडली नाही.

पहिल्या दिवशी हजरराव कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट, हातात डबा असे प्रशिक्षण केंद्रात हजर झाले. जुनी इमारत, लांबलचक बोळ, भिंतीवर अर्ध्या उंचीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, आणि खिडकीपाशी ही गर्दी. खिडकीतल्या कारकून बाईने कागदावर शिक्का मारला, काहीतरी सांगितलं आणि पेनाने लांब कुठेतरी दाखवलं. एकदा विचारलं असतं तर तिने पुन्हा सांगितलं असतं. हे म्हणाले, हो.

बोळात बघतात तर एक रांग. शिस्तीत, गडबड न करता, जिना चढत वर चाललेली. आता तुम्हीआम्ही रांग दिसली की आधी विचारतो, कशाची आहे हो. सैनिकाला रांग दिसली की त्याचे पाय आपोआप शेवटच्या माणसामागे जाऊन उभे राहतात. रांग पुढे सरकली, हजरराव पुढे सरकले, आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत जाऊन बसले. एसीची कार्यशाळा होती मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये. हजररावांचा वर्ग निघाला खुणांच्या भाषेचा.

हे त्यांना लगेच कळलं असतं, पण फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, या खोलीत तोंड वापरायचं नाही. ते वाचून हजररावांचं मन भरून आलं. इतक्या वर्षांनी कुठेतरी शिस्त दिसली. शिकवणाऱ्या बाई जन्मापासून कानाने बहिऱ्या, तरतरीत, डोळ्यांनी सगळ्या वर्गाला धाकात ठेवणाऱ्या. त्यांनी प्रत्येकाला खडू देऊन फळ्यावर नाव लिहायला लावलं. वर्गात ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आया होत्या, एक नर्स होती, एक बसकंडक्टर होता. हजररावांनी नावापुढे सवयीने सैन्यातला क्रमांकही लिहिला. बाईंनी यादी पाहिली, त्यांचं नाव सापडेना, तर खाली आपल्या हाताने लिहून टाकलं.

मग हातांची कवायत सुरू झाली. बोटं उघडा, मिटा, मनगट फिरवा. हजररावांना वाटलं, बरोबर आहे, सुरुवात कवायतीनेच होणार. भरतीनंतर तोफेचं तोंड दिसायच्या आधी त्यांच्याकडून किती दिवस गवत कापून घेतलं होतं. एसी येईल मागाहून. आणि कवायत त्यांना झकास जमत होती. तोफ धडाडत असताना कोण कुणाचं ऐकतं, तिथे सगळा कारभार हातांवरच चालायचा. बाईंनी त्यांना मागच्या बाकावरून उठवून पुढे आणलं.

त्या दिवशी बाईंनी शिकवलेलं पहिलं वाक्य होतं, 'कळलं नाही, पुन्हा सांगा'. बोटं कपाळाशी न्यायची, उघडायची आणि हात गोल फिरवून समोरच्याकडे करायचा. बस. हजररावांनी ते केलं आणि त्यांना काहीतरी झालं. असंही सांगता येतं? न शरमता? बाईंनी हसून खरंच पुन्हा सांगितलं. त्यांनी मुद्दाम, कळलेलं असूनही, पुन्हा एकदा तीच खूण केली. बाईंनी पुन्हा सांगितलं. घरी येईपर्यंत हा गृहस्थ बसमध्ये मांडीवर हात ठेवून बोटं उघडत होता.

दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात आलंच. खिडकीतून अंगण दिसायचं, शेडमध्ये पोरं पान्याने कॉम्प्रेसर उघडत बसलेली. आपली तुकडी ती, आणि आपण भलत्याच ठाण्यावर. पण म्हणून काय उठून चालू लागायचं? कवायत घेणाऱ्या उस्तादाच्या परवानगीशिवाय रांग सोडत नाहीत, आणि बदली माणूस स्वतः करून घेत नाही, बदलीचा हुकूम येतो. हजरराव हुकुमाची वाट पाहू लागले. गोंधळ असा होता की हुकूम लवकर यावा असं त्यांना वाटत नव्हतं. रोज सकाळी जिना चढताना मागे वळून बघायचे, आज कुणी हाकलतंय का, आणि संध्याकाळी उतरताना हायसं वाटायचं. हे काय चाललंय आपलं, ते त्यांना समजेना.

घरी बायको ओरडून विचारायची, आज काय शिकवलं, गॅस भरायला शिकवला का. हे म्हणायचे, हो. ती शिंप्याला ऐकू जाईल अशा आवाजात कौतुक करायची. दाढी करताना मात्र हे आरशासमोर बोटं नाचवायचे. तिने पाहिलं आणि विचारलं, डास झालेत का.

आणि मग केंद्रातून फोन आला. बायकोने घेतला. पलीकडची कारकून बाई म्हणाली, तुमचे मिस्टर एसीच्या वर्गाला एकही दिवस आलेले नाहीत. शनिवारपर्यंत खुलासा केला नाही तर सवलत रद्द होईल, आणि ती पुन्हा मिळत नाही.

त्या दिवशी घरी काय झालं ते हजररावांना नंतर शिंप्याकडून कळलं. ती आधी मटकन बसली. मग उठून भावाला फोन लावला. रोज इस्त्रीचा शर्ट, रोज भरलेला डबा, आणि माणूस जातो कुठे? भावाने नको ती शंका बोलून दाखवली. ती म्हणाली, गप बस, त्यांना चपला कुठे काढल्यात ते आठवत नाही, ते काय लफडी करणार. पण डबा ते रोज चाटूनपुसून आणत होते, आणि एकट्याने जेवताना हा माणूस निम्मं तसंच ठेवतो, हे तिच्या ध्यानात आलं होतं. तेव्हा तिने साडी बदलली.

भाऊ-बहीण केंद्रात पोचले. शेडमध्ये नाहीत, संडासापाशी नाहीत, चहाच्या टपरीवर नाहीत. मग बोळातून जाताना तिने सहज वर पाहिलं तर जिन्याच्या वळणावरच्या काचेतून एक खोली दिसली. पंधरा-वीस माणसं, आवाज कसलाच नाही, आणि मध्ये उभं राहून तिचा नवरा दोन्ही हातांनी काहीतरी सांगतोय. आणि सगळी बसलेली माणसं हसतायत. त्याच्या बोलण्याला. तिला आठवेना, या माणसाने शेवटचा विनोद कधी केला होता.

हजररावांनी काचेत बायको पाहिली, तिच्यामागे मेहुणा पाहिला, आणि हात हवेतच राहिले. आला हुकूम, त्यांना वाटलं.

मग सगळी वरात खालच्या कार्यालयात. हजरराव, बायको, मेहुणा, टेबलामागे कारकून बाई, आणि काय झालंय ते बघायला आलेल्या वर्गाच्या बाई. मेहुणा एका दमात सुरू झाला. कारकून बाई त्याच्या वरताण. बायको दोघांच्या वर. तीन तोंडं, कानात ती शिट्टी, वर छताचा पंखा खडखडतोय. हजरराव मधल्या खुर्चीत ताठ बसून एकीकडून दुसरीकडे बघत होते. त्यांच्या आयुष्याबद्दल काहीतरी ठरत होतं एवढं दिसत होतं. मग सगळे एकदम थांबले आणि त्यांच्याकडे बघायला लागले. म्हणजे आता हो म्हणायची वेळ.

हजररावांनी बोटं कपाळाशी नेली, उघडली आणि हात फिरवून कारकून बाईकडे केला.

"हे काय?" कारकून बाई म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. वर्गाच्या बाईंना कळलं, पण त्या सांगणार कशा. तेव्हा त्यांनी भुवया उंचावून हजररावांकडेच हात केला, तुम्हीच सांगा. आणि हजररावांना स्वतःचंच भाषांतर करावं लागलं.

"मी म्हणालो, कळलं नाही. पुन्हा सांगा."

"कुठलं कळलं नाही, काका?"

"कुठलंच. हे आत्ता बोललात ते नाही. त्या दुपारी घरी येऊन हा बोलला ते पण नाही."

मेहुणा खुर्चीतून अर्धा उठला. "भाऊजी, भागीदारीला तुम्ही हो म्हणालात. मी पाटीसुद्धा रंगवून घेतली."

"कसली भागीदारी?" हजररावांनी विचारलं, आणि इतक्या निर्मळ चेहऱ्याने विचारलं की मेहुण्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या तोंडातून काही न येणं हा त्या खोलीतला ऐतिहासिक प्रसंग होता.

कारकून बाई बिचारी भली होती. तिने एकेक शब्द सुटा करून सांगितलं की काका, वर्ग बदलायचा तर शनिवारपर्यंत बदलता येतो, एसी घ्या किंवा हा घ्या, पण एकदाच. मग जरा विचार करून तिने मनातलंही विचारलं, की या वर्गातली माणसं पुढे दुभाषी होतात, दवाखान्यात, कोर्टात, शाळेत. त्याला कान चांगला लागतो. तुम्हाला तर नीट ऐकू येत नाही असं दिसतंय. मग सवलत यावर घालवून फायदा काय?

प्रश्न सरळ होता. हजररावांनी वर पंख्याकडे पाहिलं, टेबलावरच्या शिक्क्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती आज उजव्या बाजूला बसली होती. चांगल्या कानाच्या.

"फायदा मलाही कळलेला नाही," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "डावा कान गेलाय ते तुला माहीत आहे."

"मला नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे," बायको म्हणाली.

"आता उजवाही चाललाय."

हे तिला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ओरडून ओरडून कमावलेला आवाज, तो कुठे गेला कुणास ठाऊक. मेहुण्याने रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

"मला नोकरी-बिकरीचं ठाऊक नाही," हजरराव म्हणाले. "दुभाषी मी होणार नाही, ते खरंय. पण त्या खोलीत मी कुणाला खोटं हो म्हणालेलो नाही. पुढे काय ते मला दिसत नाही, बाई. मला इथेच राहायचंय."

एवढं सगळं ते साहेबांसमोरही कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर आपण बरोबर बोललो की चूक, याचा त्यांना पत्ता लागेना. हुकूम देणाराच जागेवर नव्हता.

कारकून बाईने पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. आणि मग बायकोने पदर सावरला. तिला आवाज सापडला होता.

"सगळे म्हणतात पुरेपूर फायदा घ्या," ती म्हणाली. "मग मला एक सांगा, या सवलतीत बायकोला मागच्या बाकावर बसता येतं का?"

कारकून बाईने नियमांची पुस्तिका चाळली. बायकोला बसवा असं कुठे लिहिलेलं नव्हतं, बसवू नका असंही नव्हतं. तिने वर्गाच्या बाईंकडे पाहिलं. वर्गाच्या बाईंनी बायकोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग टेबलावरचा कोरा कागद ओढून त्यावर लिहिलं, बसू दे, पण तोंड वापरायचं नाही. हे वाचून मेहुणा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

आता ती रोज जाते. वर्गातली सर्वांत ढ विद्यार्थिनी तीच. हात एक सांगतात, तोंड मध्येच सुटतं, बाई फळ्याकडे बोट दाखवतात. दोनदा तिला बाहेर बोळात उभं केलंय. आणि गल्लीत शिंप्याची पंचाईत झालीय. त्याला आता काहीच ऐकू येत नाही, सारखा शिलाई थांबवून बाहेर डोकावतो.

मेहुणा मध्यंतरी रुसला होता. गेल्या रविवारी आला, 'आणि कंपनी' लिहिलेल्या पाटीचं आता काय करायचं, हे सांगायला बसला. सांगत होता, सांगत होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी राहिली आणि भावाच्या डोक्यावरून नवऱ्याला तिने हातांनी काहीतरी सांगितलं. भरभर, मोठ्या उत्साहात.

हजरराव बघत राहिले. चहा ठेवू का, असं असेल. याला घालवा, असंही असेल. मधली खूण तर सरळसरळ घोड्याची होती. पूर्वी त्यांनी हो म्हणून मान हलवली असती आणि मग जे पुढ्यात येईल ते मुकाट्याने घेतलं असतं. त्यांनी बोटं कपाळाशी नेली, उघडली, हात फिरवला.

तिने पुन्हा सांगितलं. या वेळी घोडा दोनदा आला.

"काय चाललंय?" मेहुण्याने मागे वळून विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले, आणि ती दारात ओठ दाबून हसायला लागली. हजररावांना अजूनही काही कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा हात कपाळाशी नेला.